पन्नाशीनंतरची पॉवरलिफ्टिंग स्पर्धा : तयारी पहिल्या उचलीपासून मागे मोजा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शहरातल्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धांमध्ये आता चाळिशी, पन्नाशी, क्वचित सत्तरी ओलांडलेले स्पर्धकही उतरतात. त्यांच्याबद्दल छापून येते ते बहुधा जिद्दीचे कौतुक. जिद्द त्यांच्यात असतेच. पण तयारी कशी करावी, काय चुकते आणि का चुकते, हे त्यांना नीट सांगणारे फारसे कोणी नसते. जिममधला पंचविशीचा ट्रेनर आपलाच तक्ता वजन कमी करून त्यांच्या हाती देतो. आम्ही या स्पर्धांत पंच, प्रशिक्षक आणि स्पर्धक म्हणून उभे राहतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

वयस्क स्पर्धक बाद होतो तो ताकद कमी पडल्यामुळे क्वचितच. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठणे), बेंच प्रेस (बाकावर पडून छातीवरून बार वर ढकलणे) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून ताठ उभे राहणे) या तिन्ही प्रकारांत प्रत्येकी तीन उचली मिळतात आणि त्यातल्या सर्वोत्तमाची बेरीज धरतात. एखाद्या प्रकारात तिन्ही उचली फसल्या तर बेरीजच होत नाही, बाकीचे दोन प्रकार कितीही चांगले जावोत. आणि एकदा सांगितलेले वजन पुढच्या उचलीला कमी करता येत नाही. म्हणून तिन्ही प्रकारांतली पहिली उचल निर्विवाद पास होणे, हे पहिल्याच स्पर्धेचे नव्हे, प्रत्येक स्पर्धेचे काम आहे. सगळी तयारी तिथून मागे मोजत यावी.

आधी गट. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत मास्टर्सचे, म्हणजे चाळिशीपुढच्या स्पर्धकांचे, गट ४० ते ४९, ५० ते ५९, ६० ते ६९ आणि ७० च्या पुढे असे आहेत. वय कॅलेंडर वर्षावरून धरतात. ज्याला येत्या डिसेंबरात साठ पूर्ण होणार तो जानेवारीपासूनच साठीच्या गटात. स्थानिक आयोजक कोणत्या संघटनेचे नियम लावणार हे अर्ज भरतानाच विचारून घ्यावे, कारण पुढचे सगळे तपशील त्यावर ठरतात. खाली आम्ही आंतरराष्ट्रीय महासंघाचेच नियम धरले आहेत.

आता जिममधले आकडे. बहुतेक व्यायामशाळांतला बार वीस किलोचा असतोच असे नाही. रबरी प्लेटवर वीस लिहिलेले असते आणि काट्यावर ती कमीजास्त भरते. तयारीच्या पहिल्या आठवड्यात बार, प्लेट आणि कॉलर (प्लेट घट्ट अडकवणारी कडी) काट्यावर ठेवून खडूने खरे वजन लिहावे. स्पर्धेत बार वीस किलोचा आणि दोन कॉलर अडीच-अडीच किलोच्या, म्हणजे प्लेट घालण्याआधीच पंचवीस किलो झाले.

वजनापेक्षाही जास्त फसवते ती पद्धत. स्क्वॉटमध्ये मांडीचा खुब्याजवळचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली जावा लागतो. 'मांडी जमिनीला समांतर' हे पंचांना पुरत नाही. पुण्यात चिंचेच्या तालमीपासून महाराष्ट्रीय मंडळापर्यंत जोर-बैठकांची परंपरा आहे, आणि बैठका मारलेल्या माणसाला खोल जाण्याची भीती नसते. अडचण वेगळीच येते. बैठक चवड्यावर मारतात, टाच उचललेली असते. तीच सवय बारखाली आली की वजन पुढे झुकते आणि तळातून उठताना कंबर आधी वर येते. घोटा ताठर झालेला असेल तर उंच टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूट वापरावेत, नियमात त्यांना पाच सेंटिमीटरपर्यंत मुभा आहे. डेडलिफ्टला उलट. तिथे जितका सपाट आणि पातळ तळ तितके बरे, कुस्तीचे बूट उत्तम चालतात. रनिंगचे मऊ बूट दोन्हीकडे नकोत.

खोली तपासायला मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, बरोबर बाजूने ठेवून चित्रण करावे. वरून किंवा समोरून घेतलेल्या चित्रणात खोली नीट कळत नाही.

बेंच प्रेसमध्ये बार छातीवर स्थिर व्हावा लागतो, मगच 'प्रेस' असा हुकूम मिळतो. छातीवरून उसळी घेऊन ८० किलो मारणाऱ्याचे थांबून बहुधा ७५ च होतात. २०२३ पासून कोपराचाही नियम आहे. बार छातीवर असताना दोन्ही कोपरांची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीपर्यंत किंवा त्याखाली यायला हवी. डोके, खांदे, नितंब बाकावर आणि पाऊल सपाट जमिनीवर. अंगठा बारभोवती हवाच. अंगठ्याशिवाय पकडणे तसेही बार हातातून घसरून गळ्यावर येण्याला आमंत्रण आहे.

हुकूम एकूण सहा. स्क्वॉटला सुरुवातीला 'स्क्वॉट', शेवटी 'रॅक'. बेंचला 'स्टार्ट', 'प्रेस', 'रॅक'. डेडलिफ्टला फक्त 'डाउन'. ताकदीने पास झालेली उचल 'रॅक' ऐकण्याआधी पाय हलवल्यामुळे किंवा 'डाउन' आधी बार सोडल्यामुळे बाद होते. शेवटचे सहा आठवडे प्रत्येक जड सेट (न थांबता केलेल्या उचलींचा एक संच) कुणाकडून तरी हुकूम घेऊनच करावा. ज्यांना ऐकायला कमी येते त्यांनी एक लक्षात ठेवावे : पंच हुकमाबरोबर हाताचीही खूण करतात. कर्कश संगीत लावलेल्या हॉलमध्ये मुख्य पंचाच्या हातावर नजर ठेवण्याचा सराव फार उपयोगी पडतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांना खाली पाहताना जमीन धूसर दिसते आणि पाय कुठे पडतोय ते कळत नाही. अशांनी चष्म्याशिवाय सराव करून पाहावा.

पहिल्या उचलीचे वजन कसे ठरवायचे? वाईट झोप झालेल्या दिवशीही, नियमाप्रमाणे, तीनदा उचलता येईल ते. आकड्यांत सांगायचे तर मनात धरलेल्या तिसऱ्या उचलीच्या सुमारे ९० टक्के. नियमाप्रमाणे केलेला सर्वोत्तम स्क्वॉट १२० असेल तर १०७.५, मग ११५, मग १२० किंवा १२२.५. डेडलिफ्ट १५० असेल तर १३५, १४५ आणि १५०-१५२.५. बेंचमध्ये फरक कमी ठेवावा, कारण तिथे अडीच किलोही जाणवतात : ८० साठी ७२.५, ७७.५ आणि मग पाहू. उचल झाल्यावर पुढचे वजन एका मिनिटात टेबलावर सांगावे लागते. सांगितले नाही तर पास झालेल्यावर अडीच किलो आपोआप वाढतात आणि फसलेल्याला तेच वजन राहते. धाप लागलेल्या माणसाकडून हा हिशेब होत नाही. म्हणून तिन्ही प्रकारांचे दोन-दोन पर्याय, उचल सोपी गेली तर आणि जड गेली तर, कागदावर लिहून सोबतच्या माणसाकडे द्यावेत. सोबत माणूस हवाच. मुलगा, सून, जिममधला मित्र, कुणीही. फक्त त्याने आकड्यांच्या बाबतीत हट्टी असू नये.

सरावाला चौदा आठवडे धरावेत. तरुण आठ आठवड्यांत जे करतो ते पन्नाशीत करायला गेले की स्नायू तयार होतो आणि स्नायुबंध, म्हणजे टेंडन, मागे राहतो. टेंडनला वजनाशी जुळवून घ्यायला स्नायूपेक्षा जास्त वेळ लागतो. बहुतेक दुखणी नवव्या-दहाव्या आठवड्यात उपटतात ती यामुळे. पहिले पाच आठवडे सर्वोत्तमाच्या ६५ ते ७० टक्क्यांवर सहा-आठ रेप (एका सेटमधल्या सलग उचली), पुढचे चार आठवडे ७२ ते ८० टक्क्यांवर चार-पाच, नंतरचे तीन आठवडे दोन-तीन रेप आणि आठवड्याला एखादी ९० टक्क्यांची एकेरी उचल. दर चौथ्या आठवड्यात सेट निम्मे. शेवटचे दोन आठवडे एकूण काम निम्म्यावर आणायचे, पण वजन फार हलके करायचे नाही. शेवटची जड डेडलिफ्ट स्पर्धेच्या बारा दिवस आधी, स्क्वॉट आठ-नऊ दिवस आधी, बेंच पाच-सहा दिवस आधी. त्या दोन आठवड्यांत 'जरा बघू तरी' म्हणून कमाल वजन लावून पाहण्याचा मोह फार होतो. तिथे खर्च झालेली ताकद स्पर्धेपर्यंत भरून निघत नाही.

आठवड्यात तीन दिवस पुरेत, मध्ये किमान ४८ तास. डेडलिफ्ट जड एकदाच, साठीनंतर दहा दिवसांतून एकदाही चालते. शनिवारी डेडलिफ्ट आणि रविवारी पहाटे सिंहगड हा अनेक पुणेकरांचा कार्यक्रम असतो. चढणे त्रास देत नाही, उतरणे देते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्याने ते सर्वाधिक दुखावतात आणि दोन दिवस स्क्वॉटची ताकद राहत नाही. तयारीच्या काळात सिंहगड महिन्यातून एकदा, हलक्या आठवड्यात ठेवावा. शेवटच्या दहा दिवसांत अजिबात नको. पर्वती चालेल, सावकाश.

दुखणे ओळखण्याची एक साधी रीत आहे. सराव करताना थोडे दुखले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्याइतकेच किंवा कमी असेल, तर भार योग्य आहे. सकाळी वाढलेले असेल तर पुढच्या वेळी दहा-पंधरा टक्के उतरवावे. स्क्वॉटच्या काळात कोपर दुखू लागले तर दोष बहुधा बार धरण्याच्या पद्धतीत असतो : खांदा ताठर, हात जवळ, म्हणून सगळा पीळ कोपरावर. हात रुंद धरावेत किंवा बार मानेखाली थोडा वर घ्यावा.

डेडलिफ्टमधल्या उलटसुलट पकडीबद्दल (एक तळहात समोर, दुसरा आत) स्पष्ट सांगायला हवे. जो तळहात समोर वळलेला असतो त्या दंडाचा बायसेप्सचा टेंडन कोपराजवळ तुटण्याचा धोका असतो, आणि ही दुखापत चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांत जास्त दिसते. कोपर किंचित वाकवून बार 'ओढला' की हे होते. हात दोरीसारखा सरळ ठेवावा, बार आधी ताणून घ्यावा, झटका देऊ नये. हलके सेट दोन्ही तळहात आत ठेवून करावेत. स्ट्रॅप (मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचे पट्टे) स्पर्धेत चालत नाहीत, तेव्हा पकड सरावातच घडवावी लागते.

आता औषधे. वयस्क स्पर्धकाच्या तयारीतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जड उचलीत श्वास रोखला की रक्तदाब त्या क्षणापुरता प्रचंड वाढतो. विश्रांतीतला दाब १६०/१०० च्या वर असेल तर आधी डॉक्टर, मग बार. १८०/११० च्या वर असेल तर बारला हातच लावू नये. मधुमेहींनी अर्ज भरण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. रेटिनोपॅथी पुढच्या टप्प्यात असेल तर जड उचलीने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. काचबिंदू आणि हर्निया असणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय उतरू नये. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांना उठताना चक्कर येऊ शकते, आणि डेडलिफ्ट खाली ठेवून ताठ उभे राहण्याचा क्षण नेमका तोच. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविके टेंडन कमकुवत करतात, साठीनंतर अधिकच. असा कोर्स झाला असेल तर जड सराव थांबवून डॉक्टरांना कल्पना द्यावी. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात. ते दुखणे दोन्ही बाजूंना सारखे असते आणि सरावाशी जुळत नाही, यावरून शंका घ्यावी. कुठलेही औषध मनाने बंद मात्र करू नये.

स्थानिक स्पर्धेत उत्तेजक चाचणी बहुधा नसते, पण पुढे निवड झाली तर असू शकते, आणि मग साधी गोळी अडचणीत आणते. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांत टेल्मिसार्टनच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असते. ही लघवी वाढवणारी औषधे कायम बंदी असलेल्या यादीत आहेत. इन्सुलिनही यादीत आहे, मेटफॉर्मिन नाही. कंबरदुखीसाठी सर्रास लिहून दिले जाणारे ट्रामाडॉल २०२४ पासून स्पर्धाकाळात वर्ज्य आहे. खांद्यात किंवा गुडघ्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शनही २०२२ पासून स्पर्धाकाळात वर्ज्य. गरजेच्या औषधासाठी नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) वैद्यकीय सूट मागता येते, पण अर्ज वेळेत करावा लागतो. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचावीत, नुसत्या ब्रँडच्या नावावर जाऊ नये.

रक्ततपासणीबाबत आणखी एक. जड सरावानंतर सीपीके आणि एसजीओटी ही रक्तातली एन्झाइम काही दिवस वाढलेले राहतात, क्रिएटिन घेणाऱ्याचे क्रिएटिनिन थोडे जास्त दिसते. तपासणी चार-पाच दिवस विश्रांती घेऊन करावी आणि आपण काय उचलतो, काय घेतो ते डॉक्टरांना सांगावे. नाहीतर यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या नसत्या तपासण्या मागे लागतात.

आहाराचे थोडक्यात. वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने, मूत्रपिंड ठीक असल्यास. वाढत्या वयात एकेका जेवणात तरुणापेक्षा जास्त प्रथिने लागतात. सकाळी पोहे आणि रात्री एकदम पनीर, अशी विभागणी उपयोगाची नाही. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पाव लिटर दुधात आठ. श्रावणात किंवा नवरात्रात एकभुक्त राहणाऱ्यांनी स्पर्धेची तारीख पंचांगाशी ताडून पाहावी. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर, दाणे यांवर भर द्यावा.

वजनगटासाठी पाणी तोडणे वयस्कांनी करूच नये. वजन घेण्याची वेळ स्पर्धा सुरू होण्याआधीच्या दोन तासांतली असते. तेवढ्यात आटवलेले शरीर सावरत नाही. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर भोवळ आणि मूत्रपिंडावर ताण, दोन्ही. ८४.५ किलोच्या माणसाला ८३ च्या गटात यायचे असेल तर आठ आठवडे रात्रीचा भात आणि फरसाण कमी करून यावे. नाही जमले तर ९३ मध्ये उतरावे. मास्टर्समध्ये स्पर्धक कमी असतात. गट बदलल्याने फार काही जात नाही.

स्पर्धेच्या दिवशी बेल्ट (रुंदी १० सेंटिमीटरपर्यंत, जाडी १३ मिलिमीटरपर्यंत), कॉस्च्युम (अंगाला घट्ट बसणारा स्पर्धेचा पोशाख), टी-शर्ट, डेडलिफ्टसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि ओळखपत्र आदल्या रात्रीच भरावे. मांडीला पावडर लावायची असेल तर बूट काढून, कागदावर उभे राहून. तळव्याला लागलेली पावडर प्लॅटफॉर्मवर पाय घसरवते. पेठेतून बालेवाडीपर्यंत दुचाकीवर गेले की कंबर आखडते, रिक्षा किंवा गाडीने जावे आणि पोहोचल्यावर दहा मिनिटे चालावे. वॉर्मअप आपल्या क्रमांकावरून उलटा मोजावा. बारा जणांच्या गटाची एक फेरी सुमारे बारा ते पंधरा मिनिटे घेते. १०७.५ ने सुरू करणाऱ्याने २० चे आठ, ५० चे पाच, ७० चे तीन, ८५ चे दोन आणि ९७.५ ची एक उचल असे पंचवीस मिनिटांत बसवावे, शेवटची प्लॅटफॉर्मच्या सात-आठ मिनिटे आधी. तरुण स्पर्धक दहा मिनिटांत गरम होतो, साठीचे गुडघे होत नाहीत. फेऱ्यांच्या मध्ये ट्रॅकसूट चढवून ठेवावा, पंख्याखाली बसू नये. स्क्वॉट ते डेडलिफ्ट दोन-तीन तास जातात. त्यात केळी, राजगिऱ्याची वडी, मीठ घातलेले लिंबूपाणी. बाहेरचा वडापाव बेंचच्या वेळी बेल्टखाली जळजळतो.

आता आयोजकांसाठी. आपल्या स्तंभामार्फत त्यांना विनंती अशी की नियम, गटवारी आणि अंदाजे वेळा किमान तीन महिने आधी जाहीर कराव्यात. चौदा आठवड्यांची तयारी करणाऱ्याला तीन आठवडे आधी कळलेल्या तारखेचा उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या हॉलमध्ये स्पर्धा असेल तर मास्टर्सचे गट सकाळी पहिले ठेवावेत. आज ते बऱ्याचदा शेवटी, संध्याकाळी लागतात आणि सकाळी सातला वजन दिलेला माणूस दिवसभर ताटकळतो. वॉर्मअपला निदान एक रॅक आणि एक बार प्लॅटफॉर्मवरच्यासारखाच असावा. स्क्वॉट-बेंचला स्पॉटर, म्हणजे उचल फसली तर बार धरणारे मदतनीस, शिकवलेले असावेत, ऐनवेळी प्रेक्षकांतून उभे केलेले नकोत. नोंदणीच्या अर्जावर चालू औषधे आणि घरच्यांचा संपर्क यासाठी रकाना असावा. आणि प्लॅटफॉर्मजवळ एक डॉक्टर व एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे) यंत्र असावे, ते वापरता येणाऱ्या माणसासह.

आपले नम्र,
पुण्यातील काही पॉवरलिफ्टिंग पंच, प्रशिक्षक व मास्टर्स गटातील स्पर्धक